वाढणाऱ्याचे पान

आम्ही मराठी शिकवितो. पोट या अवयवाशी आमचा संबंध आजवर आला तो व्याकरणाच्या तासापुरता. ‘पोटात ठेवणे’, ‘पोटाला चिमटा घेणे’, ‘हातावर पोट असणे’, ‘पोटात कावळे ओरडणे’ हे वाक्प्रचार फळ्यावर लिहून द्यावे, मुलांनी त्यांचा वाक्यांत उपयोग करावा, आणि घंटा होताच आम्हीही डबा उघडण्यासाठी शिक्षकांच्या खोलीकडे वळावे, असा आमचा वर्षानुवर्षांचा क्रम. जठर नावाची एक पिशवी आपल्या देहात आहे, ती डाव्या बाजूला झुकलेली असते, तिच्यात अन्न घुसळले जाते, एवढे शालेय ज्ञान आम्हांलाही होते. परंतु त्या पिशवीलाही स्वतःची भूक असेल, तिलाही कोणी तरी जेवू घालावे लागत असेल, हा विचार कला शाखेच्या या पदवीधराच्या मनात पस्तीस वर्षांत एकदाही आला नाही. तो आला गेल्या मे महिन्याच्या अखेरीस, एका रुग्णालयाच्या बाकावर बसलो असताना.

वार्षिक अंकाच्या संपादक मंडळाने यंदा आमच्याकडे प्रवासवर्णन मागितले होते. आमचा यंदाचा प्रवास एका रोहिणीच्या काठाकाठाने झाला. तिची लांबी काही बोटांची, आणि जाडी जेमतेम तीन-चार मिलिमीटर. तेच वर्णन येथे सादर करीत आहोत.

आमच्या घरात बोलण्याची भाषा कोकणी. दिवसभर शाळेत मराठी बोलून घरी आलो, की उंबरठ्याबाहेर चपलांबरोबर मराठीही काढून ठेवतो, अशी आमचे सहकारी आमची थट्टा करतात. त्या घरगुती कोकणीतले आम्ही सर्वांत अधिक वेळा ऐकलेले वाक्य कोणते, असे कोणी विचारल्यास क्षणाचाही विलंब न लावता आम्ही सांगू : “तुमी जेवात, हांव मागीर जेवतां.” तुम्ही जेवा, मी मागाहून जेवते. हे वाक्य आमच्या आईचे. सर्वांची पाने मांडून, शीत-हुमण वाढून, कोणाला काय हवे-नको ते पाहत ती चुलीपाशी उभी राही. ‘मागाहून’ म्हणजे नेमके केव्हा, त्या वेळी भांड्यात काय उरलेले असे, हे आम्ही कधी उठून पाहिले नाही. मुलांना ‘आई’ या विषयावर निबंध घालताना मात्र ‘त्यागमूर्ती’ हा शब्द आम्ही हमखास सुचवीत असू.

दोन वर्षांपासून आईचे गुडघे दुखत होते. एका डॉक्टरांनी पाच दिवसांसाठी वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या. त्यांनी आराम पडला. पाच दिवस संपले, दुखणे परतले, आणि आम्ही रिकामे वेष्टन घेऊन औषधांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने डॉक्टरांची चिठ्ठी मागितली नाही, आम्हीही दाखविली नाही. पुढे दर पंधरवड्याला शाळेतून येताना भाजीबरोबर ते पाकीटही पिशवीत पडू लागले. आईची सेवा करीत असल्याचे एक सूक्ष्म समाधानही आम्हांला त्यात वाटत असे, हे आज कबूल केले पाहिजे.

मे महिन्यातील त्या सकाळी आई रगड्यापाशी बसली होती, ती उठताना तेथेच कलंडली. तिचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला होता. रुग्णालयात विचारपूस झाली तेव्हा कळले, की चार दिवसांपासून तिला डांबरासारखे काळे, चिकट शौचास होत होते. तिने कोणाला सांगितले नव्हते. सुट्टीत घरी पाहुणे होते, आणि असल्या गोष्टी सांगायच्या तरी कोणाला, असे तिचे म्हणणे. जठरात रक्त सांडले, की तेथील आम्लाने ते काळे पडते आणि पुढे त्याच रूपाने बाहेर येते. हे ज्याला ठाऊक नाही त्याला त्या काळेपणात रक्त दिसत नाही. आम्हांलाही ते ठाऊक नव्हते.

तिला दोन पिशव्या रक्त चढविण्यात आले. तोंडावाटे दुर्बीण घालून जठर आतून पाहण्यात आले. नंतर डॉक्टर बाहेर आले आणि एका कोऱ्या कागदावर त्यांनी चार रेघांत जठर काढून दाखविले. जठराला दोन कडा असतात. डावीकडची मोठी, बाहेर फुगलेली, आणि उजवीकडची लहान, आत वळलेली. त्या लहान कडेवर त्यांनी एक टिंब दिले.

“मास्तर, व्रण येथे आहे. या कडेने डावी जठर-रोहिणी खाली उतरते. व्रण खोल जात जात तिच्या एका फांदीपर्यंत पोहोचला आणि फांदी फुटली. दुर्बिणीतूनच धातूची बारीक चाप लावून तिचे तोंड आम्ही बंद केले आहे.”

आम्ही विचारले, “फांदीच बंद केली, तर जठराच्या त्या भागाला रक्त कोठून मिळणार?”

“उजवीकडून,” डॉक्टर म्हणाले आणि दुसऱ्या रुग्णाकडे गेले.

त्या एका शब्दाने आमची झोप उडविली. संध्याकाळी आमच्या शाळेतील विज्ञानाचे सहकारी आईला पाहावयास आले, त्यांना आम्ही शरीररचनेचे एक पुस्तक आणावयास सांगितले. पुढील तीन रात्री आई झोपली, की आम्ही ते पुस्तक मांडीवर घेऊन बसत असू. शब्दकोश पाहण्याची सवय असल्यामुळे परिभाषेचे भय वाटले नाही. आणि ज्याची आपण कल्पनाच केली नव्हती असे एक गाव त्या पानांतून हळूहळू दिसू लागले.

हृदयापासून निघणारी महारोहिणी कमानीसारखी वळून पाठीच्या कण्यालगत खाली उतरते. छाती आणि उदर यांच्यामध्ये श्वासपटलाचा पडदा आहे. बाराव्या पाठमणक्याच्या पातळीवर, त्या पडद्यामागून, ती उदरात प्रवेश करते, आणि प्रवेश करताच तिच्या पुढच्या अंगातून एक आखूड, जाड खोड बाहेर पडते. या खोडाची लांबी जेमतेम एक-दोन सेंटीमीटर, पण तेवढ्यातच त्याला तीन फांद्या फुटतात. एक यकृताकडे जाते. दुसरी सर्वांत मोठी, ती नागमोडी वळणे घेत स्वादुपिंडाच्या वरच्या कडेने प्लीहेकडे जाते. तिसरी सर्वांत लहान, आणि बहुधा सर्वांत आधी निघणारी. तीच आमची डावी जठर-रोहिणी.

या तीन फांद्यांच्या खोडाला शरीरशास्त्रज्ञ ‘हालरची तिवई’ म्हणतात. आल्ब्रेख्ट फॉन हालर (१७०८-१७७७) हा स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जन्मलेला शरीरशास्त्रज्ञ. रक्तवाहिन्यांची अतिशय काटेकोर चित्रे त्याने प्रसिद्ध केली. परंतु आम्हांला आनंद झाला तो निराळ्याच कारणाने. हा गृहस्थ कवीही होता! आल्प्स पर्वतावरील त्याचे दीर्घ काव्य जर्मन वाङ्मयाच्या इतिहासात मानाने उल्लेखिले जाते. कला आणि विज्ञान यांच्यामध्ये जी भिंत आपण आठवीनववीपासूनच बांधू लागतो, ती त्याच्या घरात नव्हती असे दिसते. आणि तिवई हे नाव तरी किती घरगुती! तीन पायांवर भांडे तोलून धरणारी ती वस्तू. आमच्या जुन्या घरातील चूलही तीन दगडांचीच होती. पोटाच्या स्वयंपाकघरातही रक्ताची मांडणी तिहींवर व्हावी, याचे आम्हांला कौतुक वाटले.

या खोडापासून निघालेली डावी जठर-रोहिणी सरळ जठराकडे उतरत नाही. ती आधी वर चढते, थोडी डावीकडे झुकते, आणि अन्ननलिका जेथे जठराला मिळते त्या मुखापर्यंत जाते. तेथे अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला ती काही बारीक फांद्या देते. मग कमानीसारखी वळते आणि जठराच्या लहान कडेने, उदराच्या नाजूक आवरणाच्या दोन पदरांमधून, खाली उतरू लागते. नाव डावी, पण जठराच्या ज्या कडेने ती वाहते ती उजवीकडची. उतरता उतरता जठराच्या पुढच्या आणि मागच्या भिंतींवर ती फांद्या पाठविते. या फांद्या स्नायूंचा थर भेदून आतल्या अस्तराखाली जातात आणि तेथे परस्परांत गुंतून एक दाट जाळे विणतात.

आणि आता डॉक्टरांचा तो ‘उजवीकडून’! यकृताकडे गेलेल्या फांदीच्या विस्तारातून एक लहानशी उजवी जठर-रोहिणी निघते, जठराच्या खालच्या टोकाशी येते आणि त्याच लहान कडेने वर चढू लागते. वरून उतरणारी डावी आणि खालून चढणारी उजवी वाटेत एकमेकींना मिळतात. डोळ्यांना सांधा दिसू नये अशी ही भेट असते. मोठ्या कडेवरही हाच प्रकार. तेथे एक रोहिणी यकृताच्या बाजूने येते, दुसरी प्लीहेच्या बाजूने, आणि दोघींची तेथे कमान होते. शिवाय जठराच्या माथ्याला प्लीहेकडून आखूड रोहिणींचा एक झुबका येतो तो वेगळाच. म्हणजे या एका पिशवीभोवती रक्ताची दोन तोरणे बांधलेली आहेत, आणि प्रत्येक तोरणाला दोन्ही टोकांकडून पुरवठा आहे. एक वाट अडली तर दुसरी उघडी असते. याच आधारावर शल्यविशारद केवढे धाडस करतात पाहा : अन्ननलिकेचा रोगट भाग कापून टाकल्यावर जठराचीच नळी करून ती छातीतून वर ओढतात. तसे करताना डावी जठर-रोहिणी बांधून टाकतात, आणि ती सारी नळी मुख्यतः मोठ्या कडेच्या उजव्या रोहिणीवर जगते.

दुसऱ्या दिवशी आईला धीर यावा म्हणून हे सारे आम्ही तिला कोकणीत समजावून सांगू लागलो. ‘शीर’ म्हणावे तर कोणती ते कळेना, म्हणून पाठ्यपुस्तकातला ‘रोहिणी’ हा शब्द वापरला. तिने डोळे उघडले आणि विचारले, “रोहिणी? ती पावसाची?” बाहेर खरोखरच सूर्य रोहिणी नक्षत्रात आलेला होता, आणि मृगाच्या आधीच्या सरी रुग्णालयाच्या पत्र्यावर वाजत होत्या. आमची विद्या जागी झाली. रोहिणी म्हणजे तांबूस वर्णाची. आकाशातला तो तारा तांबूस आहे, आणि शुद्ध रक्त वाहून नेणारी ही वाहिनीही तांबडी. एकच शब्द नभाच्या आणि देहाच्या अशा दोन्ही ठिकाणी शोभावा! आई म्हणाली, “मग तुझी रोहिणी माझ्या पोटात गळली म्हण.” आम्ही हसलो. परंतु तिसऱ्या रात्री पुस्तक वाचताना जे उमगले, त्याने ते हसणे पार विरून गेले.

आम्ही समजत होतो, की जठर अन्नाने भरले म्हणजे जठराचेही पोट भरले. तसे नाही. जठर अन्न घुसळते, आम्लात भिजविते, पातळ करते आणि पुढे लोटते. त्यातले पोषण शोषून घेण्याचे काम मुख्यतः लहान आतड्याचे. तेथून ते पोषण रक्तात मिसळून यकृतात जाते, यकृतातून हृदयाच्या उजव्या कप्प्यांत, तेथून फुप्फुसांत, पुन्हा हृदयाच्या डाव्या कप्प्यांत, मग महारोहिणीत. आणि तेथून, हालरच्या तिवईवरून, डाव्या जठर-रोहिणीच्या वाटेने व तिच्या भगिनींच्या वाटांनी, ते जठराच्या भिंतीत येते. ज्या अन्नात जठर दिवसभर हात घालून बसलेले असते, त्यातला स्वतःचा घास त्याला असा सारा देह फिरून आल्यावर मिळतो. आणि तो न मिळून चालतच नाही. आतील आम्लाने स्वतःची भिंत जळू नये म्हणून जठराला सतत चिकट श्लेष्म्याचा लेप द्यावा लागतो, अस्तराच्या पेशी काही दिवसांच्या अंतराने नव्या कराव्या लागतात. हा सारा खर्च रक्तातून चालतो. रक्त आटले तर जठर स्वतःलाच खाऊ लागेल.

काम आणि रक्त यांची ही सांगड एका माणसाने प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिली आहे. ६ जून १८२२ रोजी अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला बंदुकीचा बार लागला. तो वाचला, पण जठरापर्यंत जाणारे एक छिद्र कायमचे राहून गेले. त्याच्यावर उपचार करणारे लष्करी शल्यवैद्य विल्यम बोमाँट यांनी त्या खिडकीतून पुढे अनेक प्रयोग केले आणि १८३३ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. रिकाम्या जठराचे अस्तर फिकट गुलाबी दिसे, अन्नाचा स्पर्श झाला की ते लाल होई. म्हणजे कामाला लागताच जठराच्या पानात वाढप अधिक पडते.

आणि हे वाढप केव्हा पडते? महारोहिणी उदरात शिरल्यावर तिची पहिली मोठी शाखा म्हणजे ती तिवई. आतडी, मूत्रपिंडे, पाय या सर्वांच्या वाटा तिच्या खाली आहेत. आणि त्या तिवईची पहिली फांदी बहुधा डावी जठर-रोहिणी. उदराच्या पंगतीत रांधणाऱ्याचे पान पहिल्या ओळीत मांडलेले आहे! देहाच्या घरात ‘तुमी जेवात, हांव मागीर जेवतां’ असे कोणी म्हणत नाही. ते फक्त आमच्या घरात.

आम्ही पुस्तक मिटले. पलीकडे खाटेवर आई झोपली होती. तिच्या हातात सलाईनची नळी होती, आणि कोणा अनोळखी माणसाचे रक्त तिच्या अंगात फिरत होते.

सकाळी डॉक्टरांना आम्ही म्हणालो, “ती उपाशीपोटी गोळ्या घेत असणार, म्हणून असे झाले.” डॉक्टरांनी मान हलविली. व्रणाची दोन मोठी कारणे आहेत, असे त्यांनी सांगितले. एक म्हणजे जठरात राहणारा एक जंतू. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन संशोधकांनी तो जगापुढे आणला, आणि त्याबद्दल २००५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आईच्या तपासणीत तो सापडला नव्हता. दुसरे कारण वेदनाशामक गोळ्या. या गोळ्या शरीरातील जो रासायनिक पदार्थ तयार होऊ देत नाहीत त्यावर दुखणे जसे अवलंबून असते, तसेच जठराचे श्लेष्म्याचे कवच आणि अस्तराचा रक्तपुरवठाही. ॲस्पिरिनसारखी औषधे नेमके काय करतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवून दिले. “म्हणून मास्तर,” डॉक्टर म्हणाले, “भरल्या पोटी घेतली तरी ही गोळी निर्धोक होत नाही. ती रक्तात मिसळते आणि त्याच रोहिणीतून फिरून जठरात येते.”

म्हणजे आईने उपाशीपोटी गोळी घेतली, असा तिच्यावर ठेवावयाचा दोषही आमच्या हाती उरला नाही. दोन वर्षे, चिठ्ठीवाचून, दर पंधरवड्याला, सेवा समजून, ते पाकीट आम्हीच आणून दिले होते. जो आमच्या पिशवीतून आला, तोच प्रकार तिच्या रोहिणीतून जठरापर्यंत गेला. व्रणाला ती फांदी सापडण्यापूर्वी एकदा, फक्त एकदा, तिच्या पानाशी बसून ‘तू काय जेवलीस? शौचाला कशी होते?’ असे विचारले असते, तर चार दिवस वाचले असते. पदवी, वाचन, व्याख्याने यांपैकी कशानेही आम्हांला हा प्रश्न सुचविला नाही.

सहाव्या दिवशी आई घरी आली. आता गुडघ्यांसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली दुसरे उपचार चालू आहेत. घरात सर्वांची पाने एकदम मांडली जातात. तिला ते अजून अंगवळणी पडलेले नाही. जेवता जेवता ती तीनदा उठते, आणि आम्ही तीनदा तिला बसवितो. परवा शाळेतून यावयास आम्हांला फार उशीर झाला. घरी आलो तो ओट्यावर आमचे ताट झाकून ठेवलेले. आई दाराशी उभी होती. कोकणीत, काहीशा अपराधी स्वरात, ती म्हणाली, “पुता, आज मी आधी जेवले.” त्या वाक्याने आम्हांला जेवढा आनंद झाला, तेवढा आमचे विद्यार्थी शालान्त परीक्षेत पहिले आले तेव्हाही झाला नव्हता.

विद्यार्थी मित्रांनो, हा लेख वाचून डावी जठर-रोहिणी कोठून निघते हे तुम्ही विसरलात तरी आमची तक्रार नाही. ते विज्ञानाच्या तासाला पुन्हा शिकता येईल. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. घरात कोणी डांबरासारखे काळे शौचास होते असे म्हटले, अथवा कोणाला रक्ताची उलटी झाली, तर दिवस मोजीत बसू नका, त्याच घटकेला डॉक्टरांकडे न्या. डॉक्टरांना विचारल्यावाचून वेदनाशामक गोळ्या दिवसामागून दिवस कोणाला आणून देऊ नका. आणि आज रात्री जेवून हात धुण्यापूर्वी एकदा स्वयंपाकघरात डोकावून पाहा. तुम्हांला ज्याने वाढले, त्याचे पान मांडलेले आहे काय? नसेल, तर मांडावयास फारसे शिक्षण लागत नाही.